लिंबू पिळल्यावर उरते ती रम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्यात पुण्यात घरच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी साठेक पाहुण्यांना मोहितो आणि डाकिरी द्यायची आहे. खर्च आटोक्यात हवा. दुकानातून तीन स्वस्त पांढऱ्या रम आणल्या, तिन्ही कोऱ्याच चाखल्या आणि तिन्ही ‘नुसत्या स्पिरिटसारख्या’ लागल्या. मग निवडायची कशी? आणि सगळ्या सारख्याच लागत असतील तर सर्वांत स्वस्त घेतली म्हणून काय बिघडलं?

गेली सतरा वर्षं मी बारमागे उभी आहे, आधी गोव्यात आणि आता पुण्यात. पांढरी रम निवडताना मीही बरीच वर्षं तुमच्यासारखीच कोरी चाखून ठरवायचे. तुमच्या जिभेत काही खोट नाही. चाखायची रीत या कामाला उपयोगाची नाही, एवढंच.

बाटलीवर बघा, ४२.८ टक्के लिहिलेलं असेल. जुन्या हिशेबात हेच ७५ डिग्री प्रूफ. पुण्यातल्या उन्हाळ्यात खोलीचं तापमान तीस अंशांच्या वर. अशा वेळी ग्लासात नाक घातलं की आधी अल्कोहोलचाच भपका येतो आणि त्यामागचं काही कळत नाही. जीभही पहिल्या घोटात बधिर होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या रमला तर तुम्ही न्याय दिलेलाच नाही.

शिवाय तुमचे पाहुणे ही रम ४२.८ टक्क्यांवर पिणारच नाहीत. हिशेब करू. डाकिरीत ६० मिली रम, २५ मिली लिंबाचा रस, २० मिली साखरेचा पाक. बर्फाबरोबर जोरात हलवल्यावर त्यात आणखी पाव हिस्सा पाणी उतरतं. म्हणजे ग्लासात अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आतबाहेर. मोहितोत ४५ मिली रमवर सोडा पडतो, तिथे ते दहाच्या आसपास येतं. जी वस्तू दहा-वीस टक्क्यांवर, आंबट-गोड आणि थंडगार प्यायली जाणार, तिची परीक्षा त्याच अवस्थेत व्हायला हवी. लिंबू पिळल्यावर रमचं काय उरतं, हे मी बघते. काहीच उरत नसेल तर तुम्ही लिंबू सरबतात नशा घालून देताय. आणि नको ते उरत असेल तर सरबतही वाया गेलं.

आता बाटलीत असतं काय, ते आधी समजून घ्या, कारण ‘स्पिरिटसारखी’ हा तुमचा शब्द पुष्कळदा अक्षरशः खरा असतो. आपल्याकडची बहुतेक रम मळीपासून होते. कोल्हापूर-सांगलीकडे साखर कारखान्यावरून गाडीने गेलात तर तो जड, आंबूस वास काच बंद असली तरी आत येतो. मळी म्हणजे काकवी नव्हे. काकवी गुऱ्हाळातली, तिच्यातली साखर तिच्यातच असते; मळी ही कारखान्यात साखर काढून घेतल्यावर उरलेली. ती आंबवून उंच कॉलममधून ९६ टक्क्यांपर्यंत ऊर्ध्वपातन केलं की मिळतं ते ई.एन.ए., म्हणजे जवळजवळ वास-चव नसलेलं शुद्ध अल्कोहोल. त्यात उसाची ओळख फारशी शिल्लक राहत नाही. स्वस्त पांढऱ्या रममध्ये पुष्कळदा हेच मुख्य द्रव्य असतं. त्यात थोडं चवदार डिस्टिलेट मिसळून किंवा वरून स्वाद घालून रमपणा आणलेला असतो. लेबलवरची घटकांची ओळ वाचा. स्वाद घातला असेल तर तो तिथे लिहिलेला असतो.

रंग नाही म्हणजे रम कोवळी, असंही समजू नका. प्युर्टो रिकोच्या नियमानुसार तिथली रम, पांढरीसुद्धा, किमान एक वर्ष ओकच्या पिंपात राहावी लागते. पिंपातून आलेला रंग नंतर कोळशातून गाळून काढतात. ही हलकी, गाळीव शैली क्युबातली. फाकुंदो बकार्डी यांनी १८६२ मध्ये सांतियागो दे कूबा इथे कारखाना घेतला आणि कोळशाची गाळणी वापरून त्या काळच्या उग्र रमला सौम्य केलं. त्याच सांतियागोजवळच्या डाइकिरी नावाच्या खाणगावात, १८९० च्या दशकाच्या अखेरीस, जेनिंग्ज कॉक्स या अमेरिकी खाण अभियंत्याने रम, लिंबू आणि साखर एकत्र केली असं मानतात. हलकी रम आणि लिंबू-साखरेचं हे पेय एकाच मुलखात वाढले, म्हणून त्यांचं इतकं जमतं. जमैकाची भट्टीतली पांढरी रम पिकलेल्या केळ्या-अननसाच्या वासाने खोली भरून टाकते, तर मार्तिनिकची ताज्या उसाच्या रसाची असते आणि तिला हिरवट, गवताळ वास येतो. दोन्ही सुंदर, पण तुमच्या बजेटमधल्या बाटलीकडून त्यांची अपेक्षा ठेवू नका. स्वस्त पांढऱ्या रमकडून मला तीनच गोष्टी हव्या असतात: वास स्वच्छ असावा, लिंबाखाली ती दिसावी, आणि गिळल्यावर घशात चरका लागू नये.

चाखायला सकाळी अकराच्या सुमाराला बसा, जेवणाच्या आधी. तोपर्यंत मिसळ खाल्लेली नसावी आणि दात घासून तासभर तरी झालेला असावा. पूर्ण बाटल्या आणू नका, १८० मिलीच्या क्वार्टर आणा; फक्त शक्य तर काचेच्या घ्या, कारण काही प्लास्टिकच्या असतात आणि मला त्यांतली चव कधीकधी वेगळी लागली आहे. बाटल्या परवाना असलेल्या दुकानातूनच घ्या, सील तपासून. पसरट ग्लास नको, तोंडाकडे निमुळता होणारा वाइनचा ग्लास चालेल. शेजारी थुंकायला वाटी ठेवा. सहा नमुने गिळून कुणालाही नीट न्याय करता येत नाही, मलाही नाही. मध्ये मध्ये साधं पाणी आणि कोरे कुरमुरे.

प्रत्येक ग्लासात २० मिली रम आणि तेवढंच पिण्याचं पाणी घाला. आता ती साधारण २१ टक्क्यांवर आली, म्हणजे डाकिरीच्या जवळ. ग्लासावर बशी झाकून दहा मिनिटं ठेवा. या दहा मिनिटांत घाई करू नका, एरवी लपलेलं सगळं आता वर येतं. पाणी घालताच रम दुधाळ झाली तर तिच्यात तेलकट स्वाद जास्त आहे, असा मी अंदाज बांधते आणि तिच्याकडे जरा जास्त लक्ष देते.

बशी काढा आणि नाक ग्लासाच्या कडेशी न्या, आत खुपसू नका. तोंड किंचित उघडं ठेवा. पहिलं हुंगणं सोडून द्या, दुसऱ्यावर ठरवा. नखांचं पॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आला तर ते इथाइल असिटेट. अगदी पुसट असेल तर चालतं, कारण ते प्रत्येक रममध्ये थोडं असतंच. पण सगळ्यांत पुढे तेच येत असेल तर ऊर्ध्वपातनाच्या वेळी सुरुवातीचा भाग नीट तोडलेला नाही. कच्च्या हिरव्या सफरचंदासारखा टोचणारा वास म्हणजे असिटाल्डिहाइड, तोही त्याच घरचा. ओल्या पुठ्ठ्यासारखा, चिकट, नाकात बसून राहणारा जड वास येत असेल तर शेवटचा भाग जास्त घेतलाय. जळलेली काडेपेटी, सडलेलं अंडं असं काही आलं तर गंधकाची भानगड आहे. ती बाटली बाजूला ठेवा, लिंबू तिला वाचवू शकणार नाही. आणि आइस्क्रीमच्या दुकानासारखा गोड व्हॅनिलाचा वास सगळ्यांच्या पुढे धावत आला तर मी सावध होते.

चांगल्या बाजूचे वास स्वस्त रममध्ये हळू आवाजात बोलतात. पिकल्या केळ्याच्या सालीचा, अननसाच्या देठाजवळचा, उसाच्या कांडीला दात लावल्यावर येतो तो, काकवीचा किंवा भिजवलेल्या बदामाचा. यांतला एक जरी ओळखू आला तरी ती रम पुढच्या फेरीत घ्या. नाक थकलं तर स्वतःच्या मनगटाच्या कातडीचा वास घ्या, ते पुन्हा ताळ्यावर येतं.

तळहाताची परीक्षा मी एका जुन्या डिस्टिलरकडून शिकले आणि तिने मला क्वचितच फसवलंय. कोऱ्या रमचे पाच-सहा थेंब तळहातावर घ्या, हात एकमेकांवर चोळा, अल्कोहोल उडेपर्यंत थांबा, मग ओंजळ नाकाशी न्या. खरी रम असेल तर उसाचं, मळीचं काहीतरी मंद मागे राहतं. नुसतं स्पिरिट असेल तर काहीच राहत नाही. वरून घातलेला स्वाद असेल तर तो एकसुरी गोड वास बराच वेळ हाताला धरून बसतो. त्याच दिवशी रात्री प्रत्येक रमचा एक चमचा काचेच्या बशीत ओतून उघडा ठेवा. सकाळी बोट लावा. चिकट लागलं तर साखर किंवा ग्लिसरीनसारखं काही आत आहे. कोरी पिताना त्यामुळेच ती ‘स्मूथ’ लागते.

हे मी एवढं आग्रहाने सांगते त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी अलिबागला एका दीडशे माणसांच्या कार्यक्रमाला मी रम निवडली होती. दोन नमुन्यांत एक टोचरी होती, दुसरी मऊ, गोडसर, घशाखाली अलगद उतरणारी. कोऱ्या घोटावर विसंबून मी मऊ रम घेतली. संध्याकाळी पहिल्या ट्रेमधल्या मोहितोत लिंबू पडलं आणि रमचा मऊपणा साबणासारखा लागायला लागला. गोडी पाकात मिसळून गेली आणि खाली काही नव्हतंच. मी पाक कमी केला, पुदिना वाढवला, पण उपयोग झाला नाही. लोक अर्धे ग्लास टेबलांवर ठेवून उठत होते. दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर नाकारलेल्या टोचऱ्या रमची डाकिरी केली. ती खणखणीत होती. कोऱ्या रमचा जो कडकपणा मला नकोसा वाटला होता, तोच लिंबासमोर कणा बनून उभा होता. त्या यजमानांची संध्याकाळ माझ्या निवडीने उतरली, हे मी अजून विसरलेली नाही. तेव्हापासून कोऱ्या घोटाच्या मऊपणाला मी एकही गुण देत नाही.

म्हणून खरी परीक्षा डाकिरीची. मोहितोत पुदिना आणि सोडा बरंच झाकतात, पीना कोलाडात नारळ आणि अननस तर जवळजवळ सगळंच. डाकिरीत लपायला जागा नाही. प्रत्येक रमची अर्धी मात्रा करा: ३० मिली रम, १२ मिली ताज्या कागदी लिंबाचा रस, १० मिली पाक. पाक साखर आणि पाणी समसमान. सगळ्यांसाठी रस एकदम काढून एकत्र करा, नाहीतर दोन लिंबांमधला फरक तुम्ही रमच्या माथी माराल. बर्फाचे तुकडे सारखे आणि तितकेच, हलवणं घड्याळ लावून बारा सेकंद. फ्रिजमध्ये माशाशेजारी पडलेला बर्फ वापरलात तर सगळी मेहनत पाण्यात, म्हणून आदल्या रात्री झाकणाच्या डब्यात ताजा बर्फ लावा.

पहिला घोट लगेच घ्या, दुसरा दहा मिनिटांनी. लगेचचा घोट सगळ्यांचाच बरा लागतो, थंडी दोष दाबते. दहा मिनिटांनी पेय जरा उबलं की सपक रम पाणचट होते आणि खोट असलेली रम घशाच्या मागे कडसर, रबरी चव सोडते. चांगली मात्र पसरते, लिंबाच्या आंबटपणामागून उसाची हलकी गोडी पुढे येते. पाहुणे गप्पा मारत मारत पितात, त्यांचा ग्लास हातात वीस मिनिटं असतो. तेव्हा दुसऱ्या घोटाचा निकाल धरा.

दोन रम शेवटपर्यंत टिकल्या आणि एक दुसरीपेक्षा महाग असली, तर तीन ग्लासांचा खेळ करा. घरातल्या कुणाला तरी तीन डाकिरी भरायला सांगा, दोनांत एक रम, तिसऱ्यात दुसरी, कुठल्यात काय ते तुम्हाला न सांगता. वेगळा ग्लास तुम्ही ओळखायचा. असं सहा वेळा करा, चाखण्यापुरता घोट आणि लगेच वाटीत. सहापैकी पाच वेळा बरोबर आलात तर फरक खरा आहे, कारण निव्वळ अंदाजाने एवढं जमणं शंभरात दोनदाही होत नाही. दोन-तीनदाच ओळखता आलं तर स्वस्त रम घ्या आणि मनात शंका ठेवू नका. लेबल दिसत असताना केलेल्या निवडीवर माझा विश्वास राहिलेला नाही, माझ्या स्वतःच्याही नाही.

तुलनेला एक ओळखीची रम शेजारी ठेवा. मी बकार्डीची पांढरी ठेवते. ती सर्वश्रेष्ठ आहे म्हणून नाही, तर सगळीकडे मिळते आणि तिची चव माझ्या जिभेला पाठ आहे म्हणून. नवी रम तिच्याहून पुढे की मागे, एवढं लिहून ठेवलं तरी पुरे. शंभरपैकी गुण देण्याच्या भानगडीत पडू नका.

आता पैशांचं. ७५० मिलीच्या बाटलीतून ४५ मिलीचे सोळा मोहितो निघतात. दोन बाटल्यांच्या किमतीत दोनशे रुपयांचा फरक असेल तर एका ग्लासमागे तो साडेबारा रुपयांचा. मे महिन्यात लिंबू किती महागतं ते तुम्हाला ठाऊक आहे. काही उन्हाळ्यांत एकेक लिंबू दहा रुपयांना गेलंय. म्हणजे रममध्ये वाचवलेले पैसे साधारण एका लिंबाएवढे. लिंबाऐवजी बाटलीतला रस किंवा तयार मोहितो सिरप वापरण्याचा विचार असेल, तर वरची सगळी परीक्षा सोडा आणि निर्दोष वासाची सर्वांत स्वस्त रम घ्या, त्या सिरपखाली कुठलीच रम दिसत नाही. पण माझं ऐकाल तर रम मधली घ्या आणि लिंबू ताजं ठेवा. उलटं करू नका.

तिन्ही रम स्वच्छ पण मिळमिळीत निघाल्या तर? तसं बहुधा होईलच, आणि त्याला उपाय आहे. मिळमिळीत रम दुरुस्त होते, सदोष होत नाही. चवदार रमची एक बाटली आणा आणि प्रत्येक ग्लासात ३८ मिली स्वस्त, ७ मिली ती, असं प्रमाण ठेवा. जमैकाची ६३ टक्क्यांची पांढरी रम परदेशातून येणाऱ्या कुणी आणली तर ५ मिलीसुद्धा पुरते. नाहीतर गोव्यात अलीकडे निघालेल्या माका झाय किंवा सेग्रेदो आल्देया यांच्या पांढऱ्या रम बघा. किमतीने वरच्या, पण अशा शिडकाव्यासाठी एक-दोन बाटल्यांत साठ माणसं होतात. पाकात चौथा हिस्सा काकवी मिसळण्याचाही प्रयोग करून बघा; पेयाला पिवळट झाक येते, मोहितोत ती खपते, आणि हरवलेला ऊस परत येतो. गोव्याची माणसं फेणीचा शिडकावा सुचवतील. फेणी मला अतिशय प्रिय आहे, पण काजूचा वास रमला खाऊन टाकतो आणि मग ते फेणीचंच पेय होतं. ते वेगळं करा, फेणीच्या नावाने.

तुमच्या संध्याकाळचा हिशेब: साठ जण, दरडोई सरासरी अडीच ग्लास, म्हणजे दीडशे ग्लास. सगळे ४५ मिलीचे धरले तर पावणेसात लिटर रम, नऊ बाटल्या. डाकिरीला ६० मिली लागते, म्हणून अकरा घ्या. सगळ्या एकाच बॅचच्या मागा. बॅच क्रमांक लेबलवर छापलेला असतो आणि एकाच नावाच्या दोन बॅच मला वेगळ्या लागल्या आहेत. दुकानातून पेटी घरी आली की कुठलीही एक बाटली उघडून पाणी घालून हुंगा, निवडीच्या क्वार्टरशी ताडून बघा. लिंबाचा रस तीन ते साडेतीन लिटर लागेल. एका कागदी लिंबातून बारा-पंधरा मिली निघतो, तेव्हा अडीचशे ते पावणेतीनशे लिंबं मार्केट यार्डातून सकाळीच आणा. पिळायला दुपारी चारनंतर बसा, त्याआधी नको. सकाळी काढलेला रस संध्याकाळपर्यंत कडवट होतो, आणि त्याचा दोष पाहुणे बिचाऱ्या रमला देतील.